५०एक्स झूमचा जुना कॅमेरा, वावरातून विमानं पाहाले कसा आहे

सीताबर्डीतल्या एका दुकानातून १५ हजारात सेकंड हँड घेतला, ५०एक्स झूमवाला, १२ मेगापिक्सेल. बाबा म्हणे एवढ्यात कपाशीच्या बियाण्याच्या पंधरा बॅगा आल्या असत्या. बरोबरच आहे म्हना.

माहं काम एकच, विमानाच्या पंखाचं टोक पाहणं. आमचं गाव नागपूरजवळ, वर्ध्याच्या सेलू तालुक्यात, नागपूर देशाच्या मधात पडते म्हणून दिल्लीहून चेन्नईकडं जाणारी लय विमानं या भागावरूनच जातात. पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकावरून वर पळते, तिथं भोवरा होते आणि विमान मागं ओढल्या जाते, टोक वर वळवलं का हे कमी होते अन् इंधन वाचते, एवढी सायन्सची गोष्ट. एअरबस ए३२० चं शार्कलेट (असं वर वळवलेलं टोक) जवळपास २.४ मीटर उंच, म्हणजे माणसाहून मोठं, पण ११ किलोमीटरवरून त्याचं काय दिसणार राजेहो! फुल झूमवर ४ हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत ते जेमतेम वीस-पंचवीस पिक्सेल भरते. तरी ओळखू येते बरं, हेच या कॅमेऱ्याचं कौतुक.

एक गोष्ट मले दोन महिन्यांनी समजली. विमान अगदी डोक्यावर असलं का शार्कलेट दिसतच नाही, उभं टोक खालून नुसती बारीक रेघ. विमान थोडं तिरपं असतानाच क्लिक करा. बोइंग ७३७ मॅक्सचं टोक दुभंगलेलं, एक वर एक खाली, अकासा एअर कंपनीची विमानं तीच, ते पण तिरप्यातच मस्त येते. उलट बोइंगच्याच ७८७ ड्रीमलायनरचं टोक वर न वळता मागं सरकलेलं असते, ते बरोब्बर डोक्यावरूनच झकास दिसते, कोयत्यासारखं.

आता वैताग. निळ्या आभाळात ऑटोफोकस नुसता मागंपुढं फिरत बसते, तोवर विमान गेलं बुटीबोरीकडं. उपाय म्हणजे मागच्या पांढऱ्या रेघेवर फोकस धरायचा अन् मग झूम करायचं, पण सगळी विमानं रेघ सोडत नाहीत ना. शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू नेऊ नका. दहा फोटो सलग काढले का कॅमेरा अडकते, पाच-सहा सेकंद काहीच करत नाही. उन्हात स्क्रीन ठार दिसत नाही, डोळा लावून पाहाचं व्ह्यूफाइंडर आहे म्हणून निभते, त्याच्याशिवाय असला कॅमेरा कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. आणि मे महिन्यात दुपारी काढाच नका, वावरातून निघणाऱ्या गरम हवेनं विमान पाण्यात बुडाल्यासारखं हलते, त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. पाऊस येऊन गेल्यावर सकाळी आभाळ धुतलेलं असते तेव्हा खरी मजा.

नागपूरले सोनेगाव विमानतळाजवळ उतरतानाचेच फोटो पाहिजे असतील तर एवढ्या झूमची गरजच नाही, २०एक्सवाला स्वस्तातला पुरते.

पाचापैकी साडेतीन देतो. अर्धा मार्क बॅटरीचा कापला, तसा तो बाबांचा पण कापाले पाहिजे, कारण आजकाल संध्याकाळी तेच धुऱ्यावर बसून पल्याडच्या तुरीत रोही (नीलगाई) शिरले का ते झूम करू करू पाहतात अन् सकाळी मले कॅमेरा डिस्चार्ज भेटते.