एलियसवरून मेल: स्वतःचा सर्व्हर की जीमेलचा रिले?

पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरवरून एलियस पत्त्याने (मूळ खात्याला जोडलेल्या पर्यायी पत्त्याने) मेल थेट पाठवायचा असेल, तर ५८७ पोर्टवर (मेल पाठवण्यासाठीच्या जोडणी क्रमांकावर) लॉगिन घेऊन कोणत्या खात्याला कोणता पत्ता वापरता येईल, हे 'एसएमटीपीडी सेंडर लॉगिन मॅप्स' या तक्त्यात नोंदवावे लागते. मात्र सोबत 'रिजेक्ट सेंडर लॉगिन मिसमॅच' हे बंधन लावले नाही, तर तो तक्ता निव्वळ शोभेचा ठरतो आणि लॉगिन केलेला कोणीही कोणाच्याही नावाने मेल धाडू शकतो. जीमेलमार्फत रिले केल्यास, म्हणजे मेल त्याच्या सर्व्हरमधून पुढे धाडल्यास, आपल्या सर्व्हरचा आयपी (इंटरनेटवरील क्रमांक) स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत जाण्याची धास्ती उरत नाही, पण एलियस तेथे आधी पडताळून घेतलेला नसेल, तर प्रेषक म्हणून मूळ खात्याचाच पत्ता झळकतो. शिवाय डीकेआयएमची सही (मेल कोणत्या डोमेनने पाठवला हे सांगणारी डिजिटल सही) एलियसच्या डोमेनची नसल्यास डीमार्कच्या तपासणीत (प्रेषकाचे डोमेन खरे आहे का, या पडताळणीत) मेल अडकू शकतो. एलियस वरचेवर बदलत असतील, तर पहिलाच मार्ग बरा.