ब्लॅक सॅबथ, व्हिला पार्क: गाणी चारच, पण ड्रमवर बिल वॉर्ड

आधी निकाल सांगून टाकतो, मग बाकीचं. 5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर जो 'बॅक टू द बिगिनिंग' शो झाला त्यात याच शहरातल्या हेवी मेटल बँडनी, ब्लॅक सॅबथनी, चार गाणी वाजवली, फक्त चार, त्यासाठी दुपारपासून रात्रीपर्यंत थांबायला लागलं, गायक ऑझी ऑस्बॉर्न खुर्चीत बसून होता, आणि तरीही पैसे वसूल. का ते सांगतो, कारण बहुतेक जण ऑझीबद्दलच बोलतायत आणि माझं म्हणणं जरा वेगळंय.

रीयुनियन, म्हणजे जुने मेंबर पुन्हा एकत्र येणं, हा शब्द मेटलमध्ये फार स्वस्त झालाय राव. दोन ओरिजिनल मेंबर, तिसऱ्याचा पुतण्या आणि एक भाड्याचा ड्रमर घेऊन पोस्टर छापायचं, झालं रीयुनियन. सॅबथनी स्वतः 2013 मध्ये '13' हा अल्बम काढला तेव्हा त्यावर ड्रम ब्रॅड विल्कचे होते, आणि 2017 च्या फेब्रुवारीत याच शहरात 'द एंड' म्हणून जो निरोपाचा शो केला त्यात टॉमी क्लुफेटोस. ओरिजिनल ड्रमर बिल वॉर्ड कॉन्ट्रॅक्टच्या भांडणात 2012 लाच बाहेर पडला होता. क्लुफेटोस वाईट वाजवत नाही, उलट घड्याळ लावून घ्यावं इतका टाइट वाजवतो, आणि तीच तर माझी तक्रार आहे, कारण सॅबथ कधी टाइट बँड नव्हताच. वॉर्ड जॅझ ऐकत वाढलेला माणूस, त्याचा बीट किंचित मागे रेंगाळतो, मग पुढे धावतो, आणि त्या ओढाताणीत गिटारिस्ट टोनी आयोमीचा रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी गिटारची धून, दुप्पट जड वाटतो. ओरिजिनल चौघं एकत्र 2005 नंतर स्टेजवर आलेच नव्हते. म्हणजे वीस वर्षं.

तर शो. सुरुवात मॅस्टोडॉननी केली आणि मग रांगच लागली, अँथ्रॅक्स, लॅम्ब ऑफ गॉड, ॲलिस इन चेन्स, गोजिरा, पँटेरा, टूल, स्लेयर, गन्स एन रोझेस, मेटालिका. एरवी यातल्या कुठल्याही एकासाठी माणूस वेगळं तिकीट काढेल. म्युझिक डायरेक्टर टॉम मोरेलो होता आणि नियम साधा, प्रत्येकानी थोडकीच गाणी वाजवायची आणि त्यात सॅबथचं नाहीतर ऑझीचं काहीतरी असलंच पाहिजे. स्टेज गोल फिरणारं, एक बँड पुढे वाजवतोय तोवर मागे दुसऱ्याचा सेट लागतोय, त्यामुळे फेस्टिवलला जे तासन्तास 'चेक चेक वन टू' ऐकावं लागतं ते इथे जवळपास नव्हतंच. आयोजनाला यासाठी पूर्ण मार्क.

मधल्या सगळ्यांचं सांगत बसत नाही. तरुण गायक यंगब्लडनी सॅबथचं 'चेंजेस' गायलं आणि मी नाक मुरडायच्या तयारीत असताना त्यानी अख्खं स्टेडियम खिशात घातलं. सुपरग्रुप, म्हणजे वेगवेगळ्या बँडमधले मोठे कलाकार एकत्र, वगैरे प्रकार मात्र जरा लांबले, नावं भारी, पण रिहर्सल कमी पडल्यासारखं. मेटालिकानी 'होल इन द स्काय' वाजवलं आणि त्यांचा ड्रमर लार्स नेहमीपेक्षा खूश दिसत होता, पोरं आपल्या गुरुजींसमोर वाजवताना दिसतात तसा.

मग ऑझीचा सोलो सेट. स्टेजखालून काळ्या सिंहासनावर बसून तो वर आला. पार्किन्सन्समुळे चालता येत नव्हतं, पण हातांना कोण थांबवणार, बसल्या बसल्या टाळ्या मागतोय, डोळे वटारतोय, मध्येच उठायला बघतोय. 'मामा, आय ॲम कमिंग होम'ला आवाज फाटला. ऑटोट्यून नाही, लपवाछपवी नाही, फाटला तर फाटला, आणि 40 हजारांवर पब्लिकनी ती ओळ उचलून धरली. शोनंतर 17 दिवसांनी, 22 जुलैला तो गेला, त्यामुळे आता तो सेट कुणी नीट जज करू शकेल असं वाटत नाही, मीही करत नाही.

सॅबथ मात्र जज करतो. सायरन वाजला, 'वॉर पिग्ज' सुरू झालं, आणि जिथे फक्त हायहॅट (ड्रमची झांजांची जोडी) चालू असतो आणि ऑझीची ओळ संपली की दोन ठोके पडतात ना, तिथे मी डोळे ऑझीवरून काढून वॉर्डवर लावले. 77 वर्षांचा माणूस, पुढे शर्ट काढून उघडाच बसला, फिल्स, म्हणजे मधल्या जागा भरणारे ठोके, काही ठिकाणी सोपे करून घेतले, एकदोनदा बाकीच्यांना त्याची वाट बघावी लागली असं मला तरी वाटलं. पण तो झोल, ते डुलणं परत आलं होतं! 'एन.आय.बी.'मध्ये बेसिस्ट गीझर बटलर आणि तो एकमेकांकडे बघत वाजवत होते, ते ज्यानी ऐकलं त्याला 2017 चं व्हर्जन आता सपाट वाटेल. गीझर तर जन्माचा ॲस्टन व्हिला या फुटबॉल क्लबचा फॅन, व्हिला पार्क त्यांचंच, त्याच्यासाठी हे घरचं मैदान, चेहऱ्यावर दिसत होतं.

आणि मोठ्या स्क्रीनवर आयोमीचा उजवा हात. डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात हा, आणि यातल्याच दोन बोटांची टोकं वयाच्या सतराव्या वर्षी याच शहरातल्या पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली गेली. तेव्हा त्यानी प्लॅस्टिक वितळवून टोप्या बनवल्या, पुढे तारा ढिल्या करून ट्यूनिंग खाली आणलं, आणि मेटलचा तो जड आवाज त्यातून पक्का झाला. कॅमेरामननी 'आयर्न मॅन'मध्ये त्या बोटांवर क्लोजअप धरून ठेवला, टोप्या स्पष्ट दिसत होत्या, त्या कॅमेरामनला माझ्याकडून बक्षीस.

तक्रारी? आहेत की. चारही गाणी पहिल्या दोन अल्बममधली, म्हणजे 1970 च्या पुढे गेलेच नाहीत. टीशर्टची लाइन इतकी हळू की ज्यांना हवा होता त्यांनी एकेक बँड सोडला, आणि माझ्या साइजला शेवटी ठेंगा. कानात इअरप्लग नसतील तर असल्या शोला जाऊच नका, 100 डेसिबलला सुरक्षित वेळ 15 मिनिटांची सांगतात, हा तर दिवसभराचा मामला.

खरी खंत एकच. दुपारी 'सिम्प्टम ऑफ द युनिव्हर्स'वर डॅनी केरी, चॅड स्मिथ आणि ट्रॅव्हिस बार्कर या तिघांची ड्रम जुगलबंदी ठेवली होती, मजा आली, नाही म्हणत नाही, पण तेवढा वेळ रात्री वॉर्डला देऊन पहिल्या अल्बममधलं ते पावसाचं, घंटेचं 'ब्लॅक सॅबथ' गाणं घेतलं असतं तर मी टीशर्टचंही विसरलो असतो.