नवी बुजरी गाय: धार वासरू लावून काढावी की वासराविना?

विदर्भातील खेड्यात घरच्या दुधासाठी गाय घेणारे कुटुंब बहुधा विकणाऱ्याच्या कोठ्यात तिची धार पाहूनच व्यवहार करते. तेथे ती शांत उभी असते, पान्हावते आणि बादली भरते. तीच गाय मालवाहू गाडीतून नव्या गावी उतरली की कान टवकारते, माणूस जवळ येताच खुंट्याभोवती फिरू लागते, कासेला हात लागताच लाथ झाडते, आणि जेथे चार लिटरची अपेक्षा होती तेथे जेमतेम तांब्याभर दूध हाती येते. अशा वेळी गावात दोन सल्ले मिळतात. जुने लोक म्हणतात की आधी वासरू लावा, गाय पान्हावली की धार काढा. दुग्धव्यवसाय करणारे म्हणतात की वासरू दूर ठेवा, ढेप (पेंड) समोर ठेवून वासराविना सवय लावा, नाहीतर ती जन्मभर वासरावर अडून राहील. दोन्ही सल्ले खरे आहेत. मात्र ते दोन वेगळ्या गाईंसाठी आहेत. आपल्या दावणीला आलेली गाय यांपैकी कोणती, हे ओळखण्यास मदत व्हावी म्हणून पुढील तुलना केली आहे.

तुलनेपूर्वी पान्हा कसा सुटतो हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण निर्णय त्यावरच ठरतो. कासेतील बहुतांश दूध, साधारणपणे पाच भागांतील चार भाग, सडांच्या वरच्या पोकळीत नसून दूध तयार करणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांत साठलेले असते आणि कितीही जोर लावला तरी ते हाताने ओढून खाली येत नाही. वासराने ढुसणी दिली, सड चोखले, किंवा परिचित हाताने कास धुतली व चोळली की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येते, त्यामुळे त्या पिशव्या आवळल्या जातात आणि सुमारे एका मिनिटात सड ताठ होऊन दूध उतरते. हा परिणाम थोडीच मिनिटे टिकतो, म्हणून पान्हा सुटल्यावर पाच ते सात मिनिटांत धार पूर्ण करावी लागते. गाय घाबरलेली असेल तर हे संप्रेरक मुळात पुरेसे सुटत नाही, आणि भीतीमुळे रक्तात येणारे ॲड्रेनॅलिन सुटलेल्या संप्रेरकाचे कामही अडवते. त्यामुळे दूध रोखून धरण्यात गाईचा हट्ट किंवा खोड नसते, आणि तिला मारून किंवा ओरडून दूध मिळवण्याचा प्रयत्न नेमका उलटा परिणाम करतो. रोखलेले दूध कासेत वारंवार तसेच राहिले तर दूध तयार होण्याचे प्रमाण घटत जाते आणि कासदाहाचा, म्हणजे कास सुजण्याच्या रोगाचा, धोका वाढतो. म्हणून नव्या गाईच्या पहिल्या आठवड्यात प्रश्न किती दूध मिळाले याचा नसून कास किती रिकामी झाली याचा असतो.

वासरू लावून धार काढण्याच्या पद्धतीत वासराला धारेपूर्वी थोडा वेळ सोडतात, ते चारही सडांना तोंड लावते, गाय पान्हावली की त्याला बाजूला घेऊन गाईच्या तोंडासमोर बांधतात, म्हणजे तिला ते चाटता येते. मग आपल्या वाट्याचे दूध काढून उरलेले पिण्यासाठी त्याला पुन्हा सोडतात. बुजऱ्या गाईसाठी या पद्धतीचा मोठा गुण असा की अनोळखी कोठा, अनोळखी माणसे आणि अनोळखी आवाज यांच्यामध्ये एक ओळखीचा जीव तिच्याजवळ राहतो, आणि नव्या मालकाच्या हाताने जे साधत नाही ते वासराच्या ढुसणीने साधते. शेवटी वासरू कास रिकामी करते, त्यामुळे दूध साचून राहत नाही. आणखी एक लाभ असा की घरात कोणी आजारी पडले किंवा लग्नकार्यास परगावी जावे लागले तर एखादी धार वासरावर सोपवता येते. एकाच गाईवर अवलंबून असलेल्या घराला ही सोय फार मोलाची असते.

या पद्धतीचे दोषही स्पष्टपणे मांडले पाहिजेत. वासराने किती दूध प्यायले हे मोजता येत नाही. सुरुवातीच्या धारेत स्निग्धांश सर्वांत कमी आणि शेवटच्या धारेत सर्वांत जास्त असल्यामुळे शेवट वासराला दिला तर सायीचा मोठा वाटा त्याच्याकडे जातो. घरात तुपासाठी विरजण लावणाऱ्यांना हे लगेच जाणवते. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे वासरू दगावले तर अशी गाय पान्हवणे बंद करून लवकर आटू शकते. देशी गाईंत हे विशेषतः दिसते, आणि मेलेल्या वासराचे पेंढा भरलेले कातडे गाईसमोर ठेवण्याची जुनी रीत याच अडचणीतून आली आहे. म्हणून ही पद्धत निवडणाऱ्याने वासराची काळजी गाईइतकीच घेतली पाहिजे, जंताचे औषध वेळेवर दिले पाहिजे आणि पावसाळ्यात त्याची जागा कोरडी ठेवली पाहिजे.

वासराविना धार काढण्याच्या पद्धतीत वासरू जन्मतः किंवा पहिल्या काही दिवसांत वेगळे करतात आणि त्याला भांड्याने किंवा बाटलीने दूध पाजतात. पहिला चीक मात्र याही पद्धतीत जन्मानंतर एक-दोन तासांच्या आत वासराच्या पोटात गेलाच पाहिजे. पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या सुमारे दहा टक्के, म्हणजे वीस किलोच्या वासराला दोन लिटर, असा हिशेब धरतात. गाईला पान्हा सोडण्याची खूण म्हणून ढेपेची बादली, कोमट पाण्याने कास धुणे आणि ठरलेल्या माणसाची हाक यांचा क्रम रोज अगदी तसाच ठेवावा लागतो. हे बसले की दूध मोजता येते, शेवटच्या धारेसह घरात येते, आणि वासराच्या जगण्या-मरण्यावर गाईचे दूध अवलंबून राहत नाही. परंतु ही सवय लागेपर्यंत बुजऱ्या गाईचे दूध अपुरे निघते, आणि वासराला दोन वेळा स्वच्छ भांड्यात, अंगाइतके कोमट दूध पाजण्याचे काम वाढते. ज्या घरात सकाळी सगळेच कापूस वेचायला किंवा सोयाबीनच्या सवंगणीला जातात, तेथे हे काम नीट होत नाही आणि वासराला हगवण लागते.

आता निवड. माझ्या मते पहिला निकष नव्या मालकाची पसंती हा नसून गाईची मागची सवय हा आहे. विकणाऱ्याकडे ती वासरावर पान्हावत होती का, कोणत्या बाजूला बसून धार काढत, धारेच्या वेळी काय खायला देत, धार काढणारी बाई होती की पुरुष, कोणत्या नावाने हाक मारत, हे सर्व व्यवहाराच्या वेळीच विचारून घ्यावे आणि शक्य असल्यास त्याच्या घरची चार दिवस पुरेल इतकी ढेप व चारा सोबत आणावा. पहिल्या आठवड्यात ती रीत जशीच्या तशी चालवावी. गाव, कोठा आणि माणसे एकदम बदललेली असताना धारेची पद्धतही त्याच दिवशी बदलणे हे गाईवर फार ओझे टाकणे आहे.

दुसरा निकष जातीचा. वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांतील गवळाऊ ही चपळ, सावध, पांढऱ्या-राखी रंगाची गाय आहे. वर्धा जिल्ह्यातील हेटीकुंडी येथे तिच्या संवर्धनाचे शासकीय प्रक्षेत्र आहे. एका वेतात, म्हणजे विण्यापासून आटेपर्यंत, सरासरी सुमारे सहाशे किलो दूध देणाऱ्या या गाईकडून, तसेच गडचिरोली-चंद्रपूरकडील कठाणी किंवा गावठी गाईकडून, वासराविना धार काढण्याचा आग्रह धरू नये असे माझे ठाम मत आहे. या गाईंत वात्सल्य आणि पान्हा यांची गाठ घट्ट असते. येथे हिशेबही समजून घ्यावा: वीस किलोच्या वासराला पहिल्या महिन्यात रोज सुमारे दोन लिटर दूध लागते, त्यामुळे दिवसाला तीन लिटर देणाऱ्या गाईकडून घराला सुरुवातीस लिटरभरच मिळेल हे आधीच मान्य करावे. वासराचा वाटा कमी करून घरचा वाढवणारे लोक पुढे रोडावलेले वासरू आणि आटलेली गाय अशी दोन्हीकडून हानी ओढवून घेतात. वासरू चारा खाऊ लागले की त्याचा वाटा हळूहळू कमी करता येतो.

जर्सी किंवा होल्स्टीन संकरित गाय पूर्वीपासून वासराविना धार देत असेल तर तिला वासरू लावण्याचे कारण नाही. तिच्यासाठी दुसरी पद्धत सरस आहे. संकरित गाय दिवसाला आठ लिटर देत असेल तर वासराचे दोन लिटर वेगळे मोजून पाजल्यावर सहा लिटर उरतात, आणि तेथे मोजमापाला अर्थ येतो. अडचण येते ती पहिलारू संकरित गाईची, जिला कोणतीच सवय नसते. अशा गाईला आठवडाभर वासरू लावून, मग वासरू समोर बांधून पण न पाजता, आणि नंतर वासरू नजरेआड ठेवून, असे टप्प्याटप्प्याने नेता येते. गावठी प्रौढ गाईच्या बाबतीत हेच टप्पे बहुधा शेवटपर्यंत जात नाहीत.

पद्धत कोणतीही असली तरी काही गोष्टी दोन्हींत सारख्याच लागू होतात. गाईची नजर जवळजवळ सर्व बाजूंना पोचते, पण अगदी पाठीमागे तिला दिसत नाही. म्हणून मागून न जाता खांद्याकडून, आवाज देत जावे, आधी मान व खांदा खाजवावा आणि हात अंगावरून न उचलता कासेकडे न्यावा. कोठ्यात पहिल्या धारेसाठी आलेल्या मंडळींनी तिच्याभोवती गर्दी करू नये. नवी गाय आल्याचा आनंद समजण्यासारखा असला तरी तिला त्या दिवशी एकच माणूस पुरे. इतर जनावरांपासून तिला सुमारे तीन आठवडे वेगळे ठेवणे रोगांच्या दृष्टीने योग्य आहे, परंतु दुसरे जनावर दिसेल अशा अंतरावर बांधावे, कारण एकटी पडलेली गाय अधिक बावरते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जात असताना तर धार पहाटे आणि सूर्य कलल्यानंतरच काढावी. तुरीचे कुटार, कडबा किंवा तणीस यांपैकी जे तिला नवे असेल ते दोन आठवड्यांत थोडे थोडे करून वाढवावे.

लाथ झाडणारी गाय भीतीनेच लाथ झाडते असे गृहीत धरू नये. पहिल्या काही धारा काळ्या फडक्यावर किंवा गडद भांड्यात पाहाव्यात. गाठी, पाणचट दूध, रक्ताची छटा, कासेचा एखादा भाग गरम किंवा कडक असणे ही कासदाहाची लक्षणे आहेत आणि तेथे सवयीचा प्रश्न उरत नाही, पशुवैद्यकाची गरज असते. सडाला चीर किंवा फोड असला तरी सर्वांत शांत गाय उसळते. चिमटीने सड ओढण्याने तो दुखतो. सड पुरेसा लांब असेल तर पूर्ण मुठीने, बोटे वरून खाली मिटत धार काढावी आणि अंगठा दुमडून दाबण्याची सवय मोडावी.

मागचे पाय बांधावेत की नाही, यावर मत विभागलेले आहे. पाय बांधल्याने धार काढणाऱ्याचा गुडघा आणि बादली वाचते, आणि वयस्क बाईने एकटीने धार काढायची असेल तर सुरुवातीला ही खबरदारी मी चुकीची मानत नाही. परंतु दोरीने भीती जात नाही. करकचून बांधलेल्या गाईला पान्हा सुटत नाही आणि घसरून पडल्यास तिचा पाय मोडू शकतो. न बांधता बसायचे असल्यास गाईच्या कुशीला डोके किंवा खांदा टेकून, अगदी जवळ बसावे. तिच्या अंगाची हालचाल आधी समजते आणि जवळून बसलेली लाथ दुरून बसलेल्या लाथेपेक्षा कमी जोराची असते. मऊ सुती दोर, सैल गाठ आणि रोज थोडा सैल होत जाणारा बंध असा मध्यम मार्ग घ्यावा.

ऑक्सिटोसिनच्या सुईचा पर्याय मात्र या तुलनेत ठेवण्यासारखा नाही. धारेसाठी रोज सुई देण्याने गाय त्यावर अवलंबून राहते, आणि दूध वाढवण्यासाठी दुभत्या जनावराच्या प्रकृतीला अपायकारक अशी सुई देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 च्या कलम 12 नुसार गुन्हा आहे. कासेतील दूध साचून राहिल्यास पशुवैद्यक उपचार म्हणून काय द्यायचे ते ठरवतील. दूध काढण्याच्या यंत्राबद्दल थोडक्यात सांगायचे तर एका गाईसाठी ते घेण्यात अर्थ नाही. त्याचा आवाज बुजरीला आणखी बुजवतो आणि वीज गेली की पुन्हा हातच लागतो.

धार संपल्यावर सड निर्जंतुक द्रावणात बुडवावेत आणि गाईला गव्हाणीत चारा टाकावा, कारण सडाची तोंडे सुमारे अर्धा तास उघडी राहतात आणि तेवढा वेळ ती उभी राहिली तर शेणामातीतून जंतू आत जात नाहीत. वासरू शेवटी पिणार असेल तर सड बुडवण्याचे काम त्याच्या पिण्यानंतर करावे.

चालू वेतात गाय जी सवय घेऊन आली ती निभावून न्यावी, आणि पद्धत बदलायचीच असेल तर पुढच्या वेताची वाट पाहावी. वासराला अंगाशी घेऊन आठ दिवस पाजलेली गाय नंतर एकदम केलेला वेगळेपणा सहज स्वीकारत नाही. म्हणून वासरू वेगळे पाजायचे की नाही हा निर्णय गाय विण्यापूर्वी, घरात ते काम दोन वेळा कोण करणार हे ठरवूनच घ्यावा, आणि गाभण काळाच्या शेवटच्या महिन्यातच तिच्या कासेला रोज त्याच व्यक्तीचा हात लावण्यास सुरुवात करावी.