क्वार्ट्झ सिंकला नळाचं भोक: हातोडी की डायमंड बिट?

नाशिकमध्ये नव्या फ्लॅटला क्वार्ट्झचा सिंक बसवायचा म्हटलं की नळाच्या भोकाचा प्रश्न येतोच. काही सिंकना खालून गोल खाच आधीच पाडलेली असते. तिथे छिन्नी-हातोडीने ठोकलं की चकती निघते. काम झटपट, पण कड खडबडीत. खाच नसेल तिथे हातोडी लावलीत तर सिंक तडकलाच समजा.

मला डायमंड होलसॉच पटतो, म्हणजे कडेला हिऱ्याचे कण असलेला, ड्रिलला लावायचा गोल पोकळ बिट. नळाला साधारण 35 मिमी. सुरुवात वरच्या बाजूने, खाली लाकडी ठोकळा, ड्रिलचा हॅमर मोड (ठोके देणारा) बंद. बिट आधी तिरका धरून चंद्रकोरीएवढी खाच पाडायची, मग सरळ करायचा. पाणी सतत हवं: बिट तापत नाही आणि क्वार्ट्झमधल्या सिलिकाची घातक धूळ कारागिराच्या छातीत खूपच कमी जाते. पाण्याजवळ वायरचं नको, बॅटरीचं ड्रिल वापरा. कारागिराने पाण्याशिवाय कोरडंच भोक पाडायला घेतलं तर तिथल्या तिथे थांबवा.