हॅम्लेट: खऱ्या किल्ल्यातला की सेटवरचा?

मागच्या आठवड्यात शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे दोन अवतार पाहिले, १९४८चा लॉरेन्स ऑलिव्हिएचा सिनेमा आणि १९६४चा बीबीसीचा टीव्हीवरचा, ज्यात ख्रिस्तोफर प्लमर हॅम्लेट आहे आणि मायकेल केन त्याचा मित्र होरेशिओ. सिनेमा स्टुडिओतला, धुकं, रिकामे जिने, कॅमेरा नुसता फिरत राहतो, आणि समुद्रावरच्या त्या कड्यावर हातातला खंजीर खाली पडतो तो शॉट तर डोळ्यांसमोरून जातच नाही. बेस्ट पिक्चरचं ऑस्कर उगाच नाही मिळालं. पण शेवटी राज्य ज्याच्या हाती जातं तो नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास पूर्ण कापलाय राव, हॅम्लेटचे जुने मित्र रोझेनक्रान्ट्झ-गिल्डनस्टर्न पण गायब, मग राज्याचं काय झालं हे कळतच नाही, सगळं एका माणसाच्या डोक्यात घडल्यासारखं वाटतं.

बीबीसीवाले थेट डेन्मार्कला क्रोनबोर्ग किल्ल्यात गेले, नाटकातलं एल्सिनोर म्हणजे तीच जागा. खरा दगड, खरं आभाळ. आम्ही सांगलीजवळ हरिपूरला संगमाच्या घाटावर एकदा तालीम केलेली, वाऱ्यानं निम्मी वाक्यं उडून गेली, आपोआप आवाज छातीतून काढावा लागला, सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात तसं कधीच होत नाही. जागा नटाला बदलते ती अशी. यात फोर्टिनब्रासही आहे, डोनाल्ड सदरलंड.

आपल्या कऱ्हाडजवळच्या टेंभूचे आगरकर, त्यांनी हेच नाटक 'विकारविलसित' म्हणून मराठीत आणलं, ते वाचलं असेल तर बीबीसीचंच आधी बघा. मला तरी प्लमरच जवळचा वाटला.