व्ही-डिस्क : आठ महिने ऐकल्यावर

गेल्या जूनमध्ये भाच्याने अमेरिकेहून येताना स्वेटरच्या घड्यांत घालून ग्रामोफोनच्या पाच तबकड्या आणल्या. पाचही व्ही-डिस्क, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने १९४३ पासून खास आपल्या सैनिकांसाठी काढलेल्या. दर रविवारी सकाळी चहाबरोबर एक तरी लागतेच.

आधी तक्रार. पहिल्या दिवशी लावली तर कढईत भजी सोडल्यासारखी नुसती चरचर. वाटलं, पैसे पाण्यात. निम्मी चूक माझी होती. प्लेअरला ७८चा (मिनिटाला ७८ फेऱ्यांचा, जुन्या तबकड्यांचा) वेग आहे, पण सुई एलपीची, म्हणजे नंतरच्या बारीक खाचांच्या तबकड्यांची. ७८च्या खाचा रुंद. बारीक सुई पार तळाला जाते आणि तिथला कचरा ऐकवत बसते. ७८ची जाड सुई मागवली, लेबल सांभाळत तबकड्या कोमट पाण्याने धुतल्या, तेव्हा कुठे माणसं ऐकू यायला लागली.

उरलेली निम्मी चूक सैनिकांची. चावीच्या ग्रामोफोनचं जड मुंडकं, पोलादी सुई आणि खाली मऊ व्हिनाइल, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. ट्रम्पेट जोरात वाजतो तिथे खाचा चक्क राखाडी पडल्यात. एका तबकडीची एक बाजू अशी पूर्ण घासलेली, तर दुसरी काळीभोर, कोरी. पोरांना काय आवडत होतं ते तबकडी उन्हात तिरकी धरली की कळतं.

व्हिनाइल का, तर लाख मिळेना म्हणून. एरवीच्या तबकड्या लाखेच्या, आणि ती लाख बरीचशी हिंदुस्थानातून, पळस-कुसुंबावरून उतरवलेली. जपान युद्धात उतरला, जहाजांचे मार्ग धोक्याचे झाले, आणि एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकेने तबकड्यांसाठीच्या लाखेत ७० टक्के कपात केली. शिवाय लाखेची तबकडी बोटीतून जाताना फुटायची, ही वाकते पण फुटत नाही. (वाकते हे स्वानुभवाने. ऑक्टोबरच्या उन्हात एक खिडकीशी विसरलो, पापडासारखी फुगली.)

खरी मजा पुढेच आहे. १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला होता. मोठ्या दोन कंपन्या, व्हिक्टर आणि कोलंबिया, नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून राहिल्या. लष्कराच्या तबकड्या विकायच्या नव्हत्या, म्हणून संघटनेने त्यांना मुभा दिली आणि वादकांनी मानधन सोडलं. त्यामुळे त्या काळातला कितीतरी जॅझ फक्त इथे सापडतो. तबकडी १० ऐवजी १२ इंची, त्यामुळे तीन मिनिटांत गुंडाळायची घाई नाही. सॅक्सोफोनवाला एक फेरी संपवून आरामात दुसरी घेतो.

माझ्याकडची सगळ्यात आवडती जॅझ पियानोवादक फॅट्स वॉलरची. सप्टेंबर १९४३चं ध्वनिमुद्रण. एकटा पियानोवर, गातागाता सैनिकांशी गप्पा मारतो. तीन महिन्यांत, १५ डिसेंबरला, तो रेल्वेच्या डब्यात न्यूमोनियाने गेला. वय ३९. हे माहीत झाल्यापासून त्याचा तो खट्याळ आवाज पूर्वीसारखा ऐकता येत नाही. आणखी एक खटकतं. तबकडी सरकारची, वादक काळा, आणि ज्या फौजेसाठी वाजवतोय तिच्यात काळ्या-गोऱ्यांच्या तुकड्या वेगळ्या. ते थांबवायचा आदेश निघाला तो १९४८ मध्ये.

घ्यायच्या असतील तर स्वच्छ आवाजाची अपेक्षा ठेवू नका. तो हवा असेल तर सीडीवर निघालेलं ऐका. आणि वस्तू तशी चोरीचीच समजा. या तबकड्या सैनिकांनी घरी न्यायच्या नव्हत्या. १९४९ मध्ये योजना गुंडाळल्यावर लष्कराने मूळ साचे मोडले, हाती लागलेल्या प्रतीही नष्ट केल्या. माझ्या पाच कुणाच्या तरी सामानात लपून घरी आल्या असणार; पुढे स्वेटरांतून पुण्याला.

भाचा डिसेंबरात परत येतोय. त्याला सांगून ठेवलंय, चकाकी बघून घेऊ नकोस, राखाडी झालेली बघ.