टेक्निकलर की ईस्टमनकलर: जुनं रीळ हातात आलं की

डब्यातून सिनेमाचं रीळ काढलं आणि पट्टी उजेडासमोर धरली, की निम्मा निकाल लागतो. सगळंच गुलाबी दिसतंय? आकाश, झाडं, नायिकेची साडीही? मग ती जुनी ईस्टमनकलरची, म्हणजे कोडॅकच्या रंगीत फिल्मवरची प्रिंट. 1950 मध्ये आलेल्या या फिल्ममध्ये रंग डेव्हलप करतानाच आत तयार होतात. त्यातला निळसर आणि पिवळा रंग आधी विरतो, उरतो तो किरमिजी. अंधाऱ्या डब्यातही हे थांबत नाही. उष्ण, दमट हवेत तर फारच झपाट्याने होतं.

टेक्निकलरची गोष्ट निराळी. तिथे तीन साच्यांवरून तीन रंग एकावर एक, छापखान्यात छापावेत तसे फिल्मवर उतरवत. हे रंग पक्के. सत्तर वर्षांची प्रिंटसुद्धा लालबुंद, हिरवीगार दिसते. ध्वनीची पट्टी मात्र चांदीची, म्हणून राखाडी-काळी. विटलेल्या ईस्टमनमध्ये तीच पट्टी बऱ्याचदा निळसर-जांभळट दिसते.

कडेवर ‘ईस्टमन’ अशी अक्षरं, शेजारी चौकोन-त्रिकोणाच्या खुणा असतात. त्यावरून फिल्म बनल्याचं साल काढता येतं, पण खुणा वीस वर्षांनी पुन्हा येतात, तेव्हा घाई नको. कडेवर ‘एलपीपी’ दिसलं तर सुटकेचा श्वास घ्या. 1980च्या दशकातली ही सुधारित ईस्टमन बरीच टिकाऊ.

माझं विचाराल तर टेक्निकलर. फक्त व्हिनेगरचा वास येतोय का तेवढं हुंगून बघा. रंग टिकला तरी खालचा ॲसिटेट, म्हणजे फिल्मचा प्लास्टिकचा पाया, कुजू शकतो; तो वास त्याचीच खूण.